तबकड्या नौपाड्यात, कव्हरं डोंबिवलीत

नौपाडा, ठाणे
६ जानेवारी २०२५

चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून धाकट्या भावाला कागदावर गाठतोय. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. एप्रिलपासून कळव्याला भाड्याच्या दोन खोल्या. तुझ्या वहिनीने बजावलंय, चारशे तबकड्यांपैकी तीस घरात येतील. फार वाटलं तर उरलेल्यांबरोबर मी जिन्यात झोपावं. रोज एक द्यायला काढतो, शेवटची म्हणून ऐकतो, आणि ती परत कपाटात जाते. महिनाभरात कमी झाल्या अकरा!

एक गिऱ्हाईक मिळालंय, पण त्याला कव्हरं हवीत. ठाकुर्लीचं घर विकलं तेव्हा वाटणीत आपण जो शहाणपणा केला, तो त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तबकड्या मला, कव्हरं तुला! भांडण वर्षभरात मिटलं, माघार मात्र कोणी घेतली नाही. पस्तीस वर्षं माझ्या तबकड्या खाकी पाकिटांत आहेत. आता तरी दे बाबा.

कळावे. लोभ आणि कव्हरं, दोन्ही पाठवावीत.
तुझा दादा, प्रभाकर

डोंबिवली पूर्व
१५ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजूनही दिव्यच. फोनचं म्हणशील तर तो बिघडलाय. शेवटी माघार तू घेतलीस, हे इथे सर्वांना कळवण्यात आलं आहे.

कव्हरं ठणठणीत आहेत. नाट्यसंगीताच्या एकाचा कोपरा उंदराने खाल्ला, तेवढं उंदराच्या वतीने माफ कर. तुझ्या लेकाला, अद्वयला गाडी घेऊन पाठव, सगळी बांधून ठेवतो. मला काय करायचीत रे? रिकामी पाकिटं ती. वहिनींना नमस्कार.

लोभ होता तसाच ठेव, जिन्यात झोपलास तरी.
उत्तम

डोंबिवली पूर्व
२२ जानेवारी

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

यांच्या नकळत लिहितेय, रागावू नका. फोन बिघडलेला नाही. यांचे कान गेलेत. आधीपासून कमी येत होतं, दिवाळीपासून काहीच नाही. मशीन लावलं की नुसती घरघर. मी पाटीवर लिहून दाखवते. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणतात, कारण मग दादा कीव करेल, भांडणार नाही.

जेवण झालं की एक कव्हर मांडीवर घेतात, मागची गाण्यांची यादी वाचतात आणि गुडघ्यावर ताल धरतात. कव्हर समोर असलं की सगळं आठवतं म्हणे, अगदी सनईवाल्याचा श्वाससुद्धा. परवा सुतळीने गठ्ठे बांधले. काल बघते तर एक गठ्ठा सोडून बसले होते. मी काही मागत नाही हो. तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

सर्वांना माझा नमस्कार.
सुमती

नौपाडा, ठाणे
२ फेब्रुवारी

चि. उत्तमला आशीर्वाद, आणि एक धपाटा.

सुमतीवर डाफरू नकोस, तिने योग्य तेच केलं. गाढवा, मला कीव आलेली नाही. राग आलाय. तीन महिने फोन उचलत नाहीस आणि वर तो बिघडल्याची थाप मारतोस?

अद्वय येणार नाही. गठ्ठे सोड. कळव्याला वल्लरी नावाची मुलगी गाण्याचा क्लास घेते, तिला फक्त ऐकायचंय, कव्हरांशी तिला देणंघेणं नाही. तबकड्या तिला दिल्या. ऐकत बसलो नाही, पाठ फिरवून उभा राहिलो आणि टेम्पो भरू दिला. तीस ठेवल्यात. कव्हरं मात्र चारशेच्या चारशे तुझी.

पण एका गोष्टीने झोप उडालीय. गणपतीत तू आलेलास, तेव्हा थोडं ऐकू येत होतं ना? जिलबी संपवत आणलीस म्हणून पाहुण्यांदेखत मी तुझ्यावर किती ओरडलो! माझ्या आवाजातलं तुझ्या कानात शेवटचं तेच राहिलं असेल, तर मला फार वाईट वाटेल रे. खरं काय ते कळव.

लोभ मागत नाही, तो माझ्या हक्काचा आहे.
दादा

डोंबिवली पूर्व
८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

पाहुण्यांच्या गलक्यात जिलबीचं काहीच ऐकू आलं नाही. तू ओरडत होतास हे आज कळतंय, तेव्हा वाटलं आग्रह करतोयस, म्हणून आणखी दोन घेतल्या. शेवटचं ऐकलं ते निघताना. जिन्यात दिवा नव्हता, तू वरून म्हणालास, सावकाश उतर रे, मी उभा आहे. ते अगदी स्वच्छ ऐकलं.

उत्तम