मास्तरांचा कोट

अण्णा, मी एका कॉलेजच्या फाटकाबाहेर बाकावर बसलेय आणि आत तुमची पणती पेपर लिहितेय. कपडे बेतायला शिकवणारं कॉलेज आहे, चक्क! तुमचंच काम, पण शिकायला आधी परीक्षा, आणि परीक्षेत गणित. गणित पोरीला माझ्यासारखंच येतं, म्हणजे येत नाही.

काल मारतहळ्ळीच्या घरी मी भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत होते. सालं उडून जमीनभर होतात, सून कुरकुरते, ते असो. पोरगी समोर येऊन बसली. "आज्जी, मी जातच नाही. नापास झाले तर सगळे हसतील."

"आणि गेलीच नाहीस तर?"

"तर कोण हसणार?"

अगदी हाच हिशेब मी दहाव्या वर्षी केला होता, अण्णा. म्हणून जे तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते तिला सांगून टाकलं. मोठ्या शाळेच्या परीक्षेला तुम्ही मला नवा झगा शिवून पाठवलंत, आणि मी गेलेच नाही. पेपर सुटेपर्यंत देवळामागं चिंचा खात बसले. मग चार दिवसांनी घरी सांगितलं, नापास झाले. आई चिडली. तुम्ही मात्र आपली छोटी कात्री माझ्या हातात ठेवलीत नि म्हणालात, "पेपरच वाकडा काढला असणार त्या मोठ्या शाळेच्या मास्तरानं."

तेव्हापासून मास्तरांशी तुमचं बोलणं बंद. बिचारे दोनदा दुकानात आले, दुसऱ्यांदा तर कोटाचं कापड घेऊन. तुम्ही मशीन थांबवलं नाहीत.

"हात रिकामा नाही."

"अहो, मुलीबद्दल स्वल्प बोलायचं होतं."

"सरी सरी, ठीक आहे, नंतर बघू."

मी तुमच्या पायाशी काजं करत होते, मी पेपरला गेलेच नव्हते हे मास्तर आता सांगणार म्हणून मान खाली घालून. मास्तर कापड घेऊन परत गेले.

पोरगी हसून हसून आडवी झाली. मग उठून बसली. "म्हणजे आज्जी, तू पास झाली असतीस का, ते तुला कधी कळलंच नाही?"

नाहीच कळलं की.

जमिनीवरची सालं गोळा करत म्हणते, "उद्या किती वाजता निघायचं?"

तर अशी आज इथं आहे. सकाळी तिला गूळपोळी बांधून दिलीय. बाकीचे आईबाप मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत, मी एकटीच हसतेय, वेडी वाटत असेन. ती पास होईल न होईल, पण आत गेली! हे पत्र कुठं टाकणार, पिशवीत राहील घडी घालून. तुमच्या कात्रीवर मी घर चालवलं, मजेत चालवलं, तक्रार काही नाही. फक्त मास्तरांचा कोट तुम्ही शिवायला हवा होता, अण्णा. त्यांचा पेपर वाकडा होता का सरळ, मी पाहिलासुद्धा नव्हता.