खाली घेतलेला माणूस

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. तरी आज भांडायचं आहे ते तुमच्याशीच. तुमचे जावई आतल्या खोलीत पडून आहेत. अन्ननलिकेचा कॅन्सर. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता यांना आवडेल ते द्या. आवडेल ते! ज्याच्या घशाखाली चमचाभर पेज उतरताना डोळ्यांतून पाणी येतं, त्या माणसाला. झोपेच्या गोळ्यांची बाटली दिली आहे, ती मी देवघरात रामाच्या तसबिरीमागे ठेवते, कारण हे रोज ती मागतात. सगळ्या गोळ्या, एकदम. "तुले पाप लागत असंल तर माझ्या हातात दे, मी घेतो," म्हणतात. झाकण फिरवण्याइतकं बळ त्यांच्या बोटांत उरलेलं नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मी नाही म्हटलं. मग त्यांनी तुमचं नाव काढलं. "गोळ्या राहू दे. तुझ्या बाबासारखं जाऊ दे मले. त्यायनं अन्न सोडलं तर सारं रामटेक पाया पडाले आलं होतं. मी सोडतो म्हटलं तर तू काहून रडून राहिली?" ही गोष्ट लग्नानंतर मीच त्यांना सांगितली होती, अभिमानानं, आल्यागेल्यासमोर पुन्हा पुन्हा.

ते दिवस मला दिसतात. मी मॅट्रिकच्या वर्गात आहे. पोटातलं दुखणं बरं होणार नाही असं वैद्यांनी तुम्हाला सांगितलेलं आहे. तुम्ही शाळेत शिकवून येता, टोपी खुंटीला अडकवता आणि आईला म्हणता, उद्यापासून माझं पान वाढू नका. आई रडत नाही. ती फक्त फोडणी घालायचं बंद करते. आम्ही भावंडं बिनफोडणीचं वरण निमूट खातो. मी एकदा लिंबाचं सरबत घेऊन तुमच्या खाटेशी येते, तर तुम्ही तोंड भिंतीकडे वळवता. "एवढी शिकली ना तू? मग समजत नाही? घेऊन जा ते." तो पेला परत नेताना मला वाटलं होतं, माझे वडील ऋषी आहेत. शेवटी तुम्हीच म्हणालात, मला खाली घ्या. सारवलेल्या जमिनीवर तुम्हाला घेतलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, आणि गडावरच्या आरतीच्या सुमारास तुम्ही गेलात. तसं मरण भाग्यवंताला येतं असं मी आजवर मानत आले.

म्हणून मी ह्यांना हो म्हटलं. पेज बंद केली. देवापुढे हात जोडून सांगितलं की मी मारत नाही, फक्त अडवत नाही. ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला ठाऊक नव्हतं. पेपरात हल्ली यावर वाद चालू आहे, असाध्य रोग्याला मरण मागायचा हक्क द्यावा की नाही. हे चांगले होते तेव्हा मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. दोन्ही बाजूंचे लोक फार हुशारीनं लिहितात. पण अडवलं नाही तर घरात काय होतं, ते कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

काय होतं, सांगते. हे बेशुद्ध झाले, श्वास घरघरू लागला. मी जुन्या शहरात, महाल भागात, ह्यांच्या भावाकडे निरोप पाठवला. ह्यांचे मोठे भाऊ बायकोला घेऊन आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "वेळ आली. खाली घ्या." शहाबादी फरशीवर शेणाचा हात फिरवला, दर्भ आणि तीळ टाकले, ह्यांना उचलून त्यावर ठेवलं, तोंडात गंगाजल घातलं. सगळे भोवती बसून नामस्मरण करू लागले. आणि हे गेले नाहीत. रात्र गेली, उजाडलं. जागरण झालेल्या पाहुण्यांसाठी मी आलं किसून चहा ठेवला. वास सुटला, तसे ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हणाले, "चहा करून राहिली काय वं? मले दे ना घोटभर."

नामस्मरण थांबलं. जाऊबाई तोंडावर पदर धरून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. मी कप घेऊन उठले, तर भाऊजी दारात आडवे. "गंगाजल गेलं मुखात. आता अन्न नाही." मी म्हटलं, मग निदान खाटेवर तरी घेऊ, फरशी बर्फासारखी लागून राहिली त्यांना. "खाली घेतलेल्याले वर घेत नाहीत. घराले बरं नसते. दोन घंट्यांचा प्रश्न आहे." दोन तास गेले, दुपार गेली. हे थंडीनं कुडकुडत पडलेले, मधूनच "चहा" म्हणत होते. सगळे आपापल्या पायांकडे पाहत बसले. मीसुद्धा. कप माझ्या हातात निवून गेला.

आमच्या शेजारी एक सिंधी म्हातारी राहते, तिला मी अम्मा म्हणते. फाळणीत देवधर्मापायी घरदार सोडून आलेली. आधी छावणीत होती, मग मुलाच्या कापडदुकानाच्या कमाईवर इथे धरमपेठेत खोली घेतली. ती राहायला आली तेव्हा ह्यांनीच घरमालकाला सांगितलं होतं की या लोकांना जागा देऊ नका, यांनी अर्धा बाजार खाल्ला, आता गल्ली खातील. ती संध्याकाळी विचारपूस करायला आली आणि चौकटीतच थबकली. "ठंड से मर रहा है ये," म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "अम्मा, ये हमारे धरम की बात है."

"धरम की बात मुझे मत सिखा, भाऊ. धरम के लिए मैंने घर छोड़ा है." मग ती माझ्याकडे वळून सांगू लागली. गावात जाळपोळ सुरू झाली तेव्हा तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला होता. तो म्हणाला, मला मागे टाकू नका आणि त्यांच्या हातीही लागू देऊ नका, अफू द्या. लॉरी पहाटे निघणार होती. नवऱ्यानं हात जोडून, रडत, त्याला अफू पाजली. पहाटे लॉरी आली नाही. आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तिच्यात अंथरूण घालण्याइतकी जागा होती. त्या दोन दिवसांत त्याच गावच्या मुसलमान सुतारानं सासऱ्याच्या चितेसाठी लाकडं फोडून दिली. "वो माँग रहा था, हमने दिया. गलत किया? सही किया? मेरा आदमी मरते दम तक यही पूछता रहा. तू मत पूछना. उठा इसको."

डोक्याकडून तिनं धरलं, पायांकडून मी. भाऊजींनी हात लावला नाही आणि अडवलंही नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आता जे होईल ते तुमच्या माथी."

म्हणून विचारते, बाबा. मरण मागणारे हेच आणि चहा मागणारेही हेच. कोणाचं ऐकू? अम्माच्या लोकांना ज्यांनी हाकललं, त्यांनाही खात्री होती की देव आपल्या बाजूला आहे. भाऊजींनाही खात्री आहे. पेज बंद केली त्या दिवशी मलाही होती. आता कोणाची खात्री पाहिली की मला भीती वाटते, आणि सर्वांत जास्त तुमची आठवली की. आईनं फोडणी का बंद केली होती? तुम्हाला वास येत होता का? भूक लागत होती का? भिंतीकडे तोंड वळवलंत ते माझ्यावर रागावून, की सरबत प्यावंसं वाटलं म्हणून? एकदा सांगितलं असतंत की पोरी, हे फार कठीण आहे, तर मी ही गोष्ट अशी मिरवत सांगितली नसती.

चहा चमचा-चमचा पाजला. अर्धा बाहेर आला. आज पुन्हा ते म्हणतात, "बस झालं आता, सोड मले." मी केसांवरून हात फिरवत हो म्हणते. कशाला हो म्हणते, ते माझं मलाही कळत नाही. रामापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही, म्हणून नुसती वात सारखी करून उठते.

हा कागद संध्याकाळच्या शेगडीत जाईल. तुम्हाला कुठे पाठवणार? ज्यांना पाठवता येईल अशा कोणाला हे वाचून सोसवणार नाही. आता ह्यांना डुलकी लागली आहे. असा डोळा लागला की मी नाकासमोर हात धरून पाहते. श्वास हाताला लागतो. तेव्हा मला बरं वाटतं, असं मी देवासमोर शपथेवर सांगू शकणार नाही.