घरची शाळा सुटत नाही

सोमवार, सुट्टीचा पहिला आठवडा

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. नमस्कार हातातली सुई खाली न ठेवताच करते आहे, तेवढा गोड मानून घ्या.

फोन नाही म्हणून रागावला असाल. मी फोन कानाला लावला की आमची बुटकी तो ओढून सोफ्याखाली सरकवते. माझं तोंड हलतंय आणि समोर माणूस नाही, हे तिला पटत नाही. म्हणून पत्र. लिहिताना मी तोंड मिटून असते, त्याला तिची हरकत नाही.

शाळेला सुट्टी लागली. स्वमग्न मुलांच्या शाळेलाही इतर शाळांएवढीच लांब सुट्टी कुणी ठरवली ठाऊक नाही, पण त्याच्या घरी असं मूल नसणार. बुटकीला सुट्टी ही गोष्टच कळत नाही. सकाळी उठते, गणवेश चढवते, दप्तर पाठीला लावून दाराशी उभी राहते. शाळेची गाडी येत नाही. मग आधी हात झटकते, मग कपाळ दारावर आपटते, मग स्वतःचं मनगट चावते. मी मध्ये उशी धरते. नाव बुटकी, पण आता माझ्या खांद्याला लागते. उचलून आत नेण्याचे दिवस गेले. कॅलेंडरवर शाळेच्या चित्रावर फुली मारून दाखवली, तर तिनं तो कागद फाडून खिडकीबाहेर टाकला. तिचं म्हणणं मला समजलं.

तुमचे भाऊ बेकरीतली रात्रपाळी संपवून नेमके त्याच वेळी घरी येतात. अंगाला पिठाचा वास, डोळे अर्धे मिटलेले. तिला ओलांडून आत जातात, खोलीचं दार लोटतात, कानात कापसाचे बोळे घालतात आणि झोपतात. झोप झाली नाही तर भट्टीपुढे हात भाजायचा. पण ताई, त्या लोटलेल्या दाराचा कधी कधी मला हेवा वाटतो.

त्यात गणवेश शिवायचा हाच हंगाम. जगाला सुट्टी म्हणून मला काम. दुकानदारानं दोन गठ्ठे आणून टाकलेत, आणि मशीन चालवलं की एक जण उठतात, एक जण कान झाकते.

एकच बरं आहे. थंडीपासून ती मला आई म्हणायला लागलीय, हे तुम्हाला कळवलं होतंच. इतक्या रडारडीतही मधेच म्हणते. दहाव्या वर्षी मिळालेली हाक आहे. तिच्यावर दिवस ढकलते आहे.

भावोजींच्या हाताला आता कसं आहे? लोभ आहेच. वाढवायची ताकद तुमच्यात नाही, माझ्यातही नाही. आहे तेवढा टिकवू या.

आपली,
भावजय

---

शनिवार, तोच आठवडा

सौ. वहिनीस,

अ. उ. आ. तुझं अक्षर पार कलंडलंय. मी अक्षरावरून मुलांची झोप ओळखत असे, तुझी काय ओळखणार नाही?

मी तडक आले असते. पण ह्यांच्या हाताला अजून चमचा धरवत नाही, आणि दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड उघडत नाहीत. माझीही बालवाडीच चालू आहे म्हण ना, फक्त विद्यार्थ्याला मिशा आहेत.

तेव्हा लांबून सल्ला, तोही निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा. पोरीला शाळा हवी आहे ना? मग घरातच भरव. एक टेबल भिंतीकडे वळव, ताटली वाजवून घंटा कर, डब्याची सुट्टी दे. आणि तिची शिक्षिका अंगावर जे घालते तसलं काहीतरी तूही घाल. मुलं माणसापेक्षा वेशाचं जास्त ऐकतात. मी साध्या कपड्यात बाजारात भेटले की वर्गातले वाघ मला ओळखही देत नसत.

लगेच जमलं नाही तर मला शिव्या दे, पण लिहून दे. तेवढीच ह्यांच्याशिवाय कुणाची तरी बोलणी खाल्ल्यासारखं होईल.

तुझी,
वन्सं

---

गुरुवार, सुट्टीचा तिसरा आठवडा

ती. ताईंना,

सा. न., आणि आज वर एक नमस्कार जास्तीचा. तुमची शाळा चालली!

गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा एप्रन शिवला, त्यांच्या टीचर घालतात तसाच, पुढे दोन मोठे खिसे. सकाळी ती दाराशी हात झटकायला लागली, तेवढ्यात मी एप्रन घालून स्वयंपाकघरातून आले आणि त्यांच्या टीचरसारखंच लांबवून गुड मॉर्निंग म्हटलं. तिनं एप्रनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत एप्रनकडे बघितलं. मग निमूट टेबलाशी जाऊन बसली. ताई, मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

आता रोज शाळा भरते. ती बटणं आकाराप्रमाणे वेगळी करते, चित्रांच्या जोड्या लावते, ताटली वाजली की डबा उघडते. शेजारी बसून मी गणवेशांची काजं करते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, की मध्यंतरी गावाला गेला होतात का, आवाज नाही तो. ह्यांनीही परवा बोळे न घालता झोप काढली.

कालपासून ती मला सगळीकडेच टीचर म्हणायला लागलीय. आंघोळीला टीचर, जेवायला टीचर. मला हसू आलं. मुख्याध्यापिकाबाई, पगाराचं काय ते बघा.

भावोजींना चमचा धरायला लावा, एप्रन घालून बघा हवं तर.

आपली,
भावजय (बढती मिळालेली)

---

मंगळवार, सुट्टीचा पाचवा आठवडा

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. विनंती काय, रड आहे. हसत होते ते गेलं.

बुटकी आता मला आई म्हणतच नाही. एकदाही नाही. मी उठायच्या आत एप्रन घेऊन उशाशी उभी असते, नाडी स्वतः बांधते, गाठ घट्ट ओढते. शाळा सुटल्याची ताटली वाजवून मी एप्रन काढून ठेवला की परत घेऊन येते. संध्याकाळी भाजी चिरताना मी टीचर, केस विंचरताना मी टीचर.

रविवारी ती न्हाणीघरात घसरून पडली. हनुवटी फुटली. मी खाली बसून तिला मांडीवर ओढून घेतलं, आणि रक्त, पाणी, रडं सगळं माझ्या अंगावर सांडत ती हाक मारत होती, टीचर, टीचर. मी तिचा हात माझ्या छातीवर ठेवला आणि मी आई आहे असं सांगितलं. तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्या एप्रनचा मुडपलेला खिसा सरळ केला.

काल एप्रन कपाटात लपवला. परत ते दार, ते कपाळ, ते मनगट. या वेळी रक्त येईपर्यंत चावलं. शेवटी मीच तो काढून घातला. म्हणजे शाळा बंद करू तर पोर हातची जाते आणि चालू ठेवू तर हाक जाते.

तुमचे भाऊ म्हणतात, की नावात काय आहे, घर शांत आहे, तू कोण आहेस ते तिला ठाऊक आहे. त्यांना ती कधीच बाबा म्हणाली नाही, त्यांनी ते केव्हाच मनावर घेणं सोडलं. मला मिळून गेलं, हा फरक आहे. आणि तिचे शब्द गेले की परत येत नाहीत, हे तुम्ही पाहिलंय. पाणी म्हणायची, ते गेलं ते गेलंच. आता नुसता पेला पुढे करते. तसंच एखाद्या दिवशी हेही गेलं असेल, आणि मी काजं करत बसले असेन.

थकले हो. हे पत्र तीन बैठकांत लिहिलंय.

लोभ मागत नाही, उपाय मागते.

आपली,
भावजय

---

शुक्रवार, तोच आठवडा

सौ. वहिनीस,

अ. उ. आ. तुझं पत्र ह्यांना भरवता भरवता वाचलं आणि चमचा हवेतच राहिला. ह्यांनी तो स्वतःच्या हातानं तोंडात घातला. एकाचं काम झालं, आता तुझं बघू.

आमचा थोरला दोन वर्षं माझ्याच वर्गात होता. वर्गात तो मला बाई म्हणायचा, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की त्याच पावलाला आई, भूक लागली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फाटक होतं, बस.

तुझ्या शाळेला फाटक नाही गं. बुटकी शाळेतून घरी जाते कशी? गाडीत बसून, रस्ते ओलांडून, जिना चढून. मग दारात तू असतेस. इथं ताटली वाजते आणि ती त्याच खोलीत, तू त्याच खोलीत. तिच्या हिशेबी शाळा सुटलेलीच नाही. तिचं काही चुकत नाहीये. शाळा सुटेपर्यंत टीचरला टीचरच म्हणायचं असतं.

तेव्हा शाळा सुटली की तिला दप्तरासकट घराबाहेर काढायचं, एक फेरी मारून आणायचं आणि दार तू उघडायचंस, एप्रनशिवाय. आता तू एकाच वेळी रस्त्यावर आणि दाराआड असणार कशी, तर त्यासाठी माणूस लागेल. तो तुझ्या घरात झोपलेला आहे. सोबतची चिठ्ठी त्याला दे.

जीव सांभाळ. तुझ्या थकव्यातला थोडा इकडे पाठव, माझ्याकडे जागा आहे.

तुझी,
वन्सं

(सोबतची चिठ्ठी)

धाकट्या,

आशीर्वाद नंतर, आधी कानातले बोळे काढ. ही चिठ्ठी तुझ्या बायकोनं वाचली असेलच, तेव्हा लपवायचा त्रास घेऊ नकोस.

तू रात्रभर उभा असतोस, मला माहीत आहे. तुझे पाय सुजतात, तेही माहीत आहे. तरी उद्यापासून दुपारी बारा वाजता उठायचं, पोरीचं बोट धरायचं आणि गल्लीला वळसा घालून तिला घरी आणायचं. तू शाळेची गाडी आहेस. गाडीला मत नसतं.

लहानपणी तुला शाळेतून कोण आणायचं, ते आठव आणि मुकाट्यानं चपला घाल.

ताई

---

बुधवार, सुट्टीचा शेवटचा आठवडा

ती. ताईस,

शि. सा. न. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या भावजयीनं लिहायला बसवलंय. ती स्वतः लिहिणार नाही म्हणते, कारण तिनं ते ऐकलेलं नाही. काय ते सांगतो.

गाडी झालो. पहिल्या दिवशी बुटकी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून हलेना. मग हलली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून, औषधाच्या दुकानावरून, वळसा घालून परत. ती नेहमी भिंतीच्या बाजूनं चालते आणि प्रत्येक लोखंडी जाळीला एक बोट लावते. माझी पोर अशी चालते, हे मला माहीत नव्हतं.

जिना चढून बेल वाजवली की लगेच दार उघडायचं. ही दाराआडच उभी असायची. एप्रन नाही, केस नीट केलेले, आणि चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. बुटकी टीचर म्हणायची आणि आत जायची. दुसऱ्या दिवशी तेच. पुढचा अख्खा आठवडा तेच. मी रात्री भट्टीपुढे उभ्या उभ्या पेंगायला लागलो, एकदा पिठात मीठ दोनदा पडलं. मी हिला म्हटलं, की सोडून दे, ताईचं शहाणपण वर्गापुरतं असतं. ही म्हणाली, शाळा उघडेपर्यंत चालायचं. मी चाललो. मनात तुला भरपूर बोललो.

काल गणवेशाचा शेवटचा गठ्ठा द्यायचा होता. ही पहाटेपासून मशीनवर होती. शाळा सुटली, आम्ही खाली उतरलो, फेरी मारली, वर आलो, बेल वाजवली. दार उघडलं नाही.

परत वाजवली. नाही. बुटकीनं दाराला तळहात लावला, मग कान लावला. किल्ली माझ्या खिशात होती. मी हात खिशात घातलासुद्धा. तेवढ्यात ती आई म्हणाली. हळू, दाराला सांगितल्यासारखं. मग जरा मोठ्यानं. मग तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं आणि अशी हाक मारली, ताई, की जिना भरला. माझ्या मुठीत किल्ली होती आणि मला ती बाहेर काढवेना. मला वाटलं ही आता येईल, आता ऐकेल. कितीतरी हाका झाल्या.

शेवटी मीच उघडलं. ही दाराजवळच्या खुर्चीत गाढ झोपली होती, तोंड उघडं, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. बुटकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, बघत राहिली. मग पाठीवरचं दप्तर काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन बसली.

ही जागी झाली तेव्हा मी सांगितलं. तिला वाटलं, मी तिची समजूत काढतोय. माझ्यावर विश्वास बसेना. इतक्यात वरच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या, की पोर आई आई करून जिना डोक्यावर घेते, दुपारी माणसानं पडायचं की नाही. हिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळी तक्रार पहिल्यापासून परत सांगायला लावली. बाई जरा घाबरूनच गेल्या.

त्या गेल्यावर मला म्हणाली, कशी हाक मारली ते करून दाखव. मी करून दाखवली. अजून एकदा म्हणाली. पिठानं बसलेल्या माझ्या आवाजात मी स्वतःच्या बायकोला आई म्हणून हाका मारत होतो आणि ती डोळे मिटून ऐकत होती. मग मी झोपायला गेलो. झोप लागली नाही.

मला बुटकी काही म्हणाली नाही. चालतंय. काल फेरीवरून परत येताना मात्र बोट लावायची एक जाळी मी चुकवली, तर तिनं माझा हात धरून मागे नेला आणि माझं बोट त्या जाळीला लावलं.

आता ही शेजारी बसून सांगतेय तसं लिहितो. आज दुपारी बेल वाजली की दार लगेच उघडायचं नाही, असं ठरलंय. ती कडीवर हात ठेवून आत उभी राहणार. कितीही वेळ लागला तरी मी किल्ली खिशातून काढायची नाही.

तुझा,
धाकटा