वाळूतले उंदराचे दात

मंगळवार, ३ सप्टेंबर

शून्य! सलग चौथ्या महिन्यात शून्य!

संग्रहालयातल्या आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख थुई, तिने आज कोणाच्या हातून किती बारीक हाडं सुटली त्याचा तक्ता भिंतीवर लावला. नजरेतून काही सुटलं नाही अशी दोघंच: मी आणि शेजारी बसणारी एल्विरा, निवृत्त मास्तरीण. ग्लेनडेलला चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ते डोळे अजून कामाचे आहेत म्हणायचे.

शोघिकला लगेच फोन केला. लेक माझीच, ऐकते कसली! "पापा, शून्य-बिन्य राहू द्या. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी तीनदा घेतली, तुम्ही तीनदा मोडलीत."

मोडली. खिडकीची चौकट जरा वाकडी दिसते म्हणून कोणी डोळ्यात सुई टोचून घेतं का?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

संग्रहालयाबाहेरच्या डांबराच्या खड्ड्यांत हजारो वर्षांपूर्वी प्राणी रुतून मेले; ते डांबर धुऊन धुऊन शेवटी जी वाळू उरते, ती आमच्या वाट्याला. सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर घ्यायची आणि ओल्या ब्रशने एकेक कण सारत बारीक हाडं-दात वेगळे काढायचे. काचेपलीकडे पोरांची झुंबड असते ती सुळेवाल्या वाघाच्या कवटीपाशी. आमच्याकडे कुत्रंही बघत नाही. पण तो वाघ काय, कुठूनही भटकत आला असेल. उंदीर इथलाच. इथल्याच गवतात जन्मला, इथेच चिकटून मेला. हजारो वर्षांपूर्वी इथे पाऊसपाणी कसं होतं, ते वाघाला काय विचारायचं? उंदराला विचारावं. मला हे फार पटतं.

माझी निवडून झालेली थाळी एल्विरा पुन्हा तपासते, तिची मी. सुटलेलं सापडेल तो आकडा वहीत ज्याची थाळी त्याच्या नावापुढे लिहायचा, खाली तपासणाऱ्याची सही. आज तिने वही मिटली. मला ती आदराने ‘डॉन’ म्हणते, स्पॅनिशमधलं ‘श्रीयुत’. "काही नाही, डॉन वारुझान! शाळेत तुमच्यासारखी चार पोरं असती, तर माझी लाल शाई वाळून गेली असती."

बायको गेल्यापासून आठवड्यातले हे दोनच दिवस मी दाढी करतो. हे इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

एल्विरा दोन आठवडे फ्रेझ्नोला, बहिणीकडे. कॉफी एकट्यानेच प्यायलो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ती नाही म्हणून थुईने स्वतः माझी थाळी तपासली.

त्रेसष्ट! एका थाळीत त्रेसष्ट सुटलेले — उंदराचे दात, बेडकाची हाडं, भुंग्यांचे पंख. तिने सगळे काचेवर मांडून दाखवले. मला मधोमध करडा धूर दिसला, बस्स.

"आज बरं नाहीये का तुम्हाला?" पोरीने पळवाट दिली. मी घेतली. हो, डोकं दुखतंय.

बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. एका दिवसात असे त्रेसष्ट सुटत नाहीत. एल्विरा चार महिने माझ्या चुकांवर पांघरूण घालत होती!

बुधवार, २५ सप्टेंबर

शोघिक डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती गेली. डाव्यात नुकतंच सुरू झालंय, ते सुयांनी थोपवता येईल.

डॉक्टर म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जूनमध्ये आला असतात तर उजवाही बहुतेक वाचला असता."

उन्हाळ्यात भिंतीवर शून्य होतं.

सुई टोचली. फारसं दुखलंही नाही. ह्याला घाबरलो मी!

मंगळवार, १ ऑक्टोबर

एल्विरा परत आली. खाऊचा डबा पुढे केला, मी हात लावला नाही.

"चार महिने शून्य लिहीत बसलीस! मला दया नको होती, वहीत खरा आकडा हवा होता. त्या शून्याच्या भरवशावर माझा डोळा गेला, एल्विरा!"

ती डब्याचं झाकण नुसतं बोटांनी चाचपत होती. मग हळूच म्हणाली, "हो. लपवलं मी. लिहिलं असतं तर तुम्हाला इथून उठवलं असतं. मग मी कोणाशेजारी बसले असते?"

राग खराच आहे माझा. पण ते शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत कानात होतं, आणि बरं वाटत होतं. ह्या वयात! लाज वाटली. तिच्याशी पुढे एक अक्षरही न बोलता निघून आलो होतो.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

गेलो नाही. दाढीही नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

थुईने सगळ्यांच्याच जुन्या थाळ्या पुन्हा तपासल्या. एल्विराच्या एका थाळीत अठ्ठावन्न सुटलेले.

म्हणजे एल्विराने काही लपवलं नव्हतं. तिलाही दिसत नव्हतं. मी ओरडत होतो तेव्हा तिने खोटारडी ठरणं पत्करलं, पण हे सांगितलं नाही.

थुईने वही उघडून माझ्यापुढे धरली. एल्विराच्या नावापुढे चार महिन्यांची शून्यं. खाली सही माझी.