चालू रकान्यात तीनच

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची खुर्ची, स्वारी खूश! आमची सॉफ्टवेअरची टीम चौघांची: मी, साहेब, चुका शोधणारी ताई आणि दाढीवाला प्रोग्रामर. भिंतीवर कानबानचा फळा. रकाने तीन: ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’. कामाच्या चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव असतं. काम जसं पुढे जाईल तशी चिठ्ठी सरकवायची. ‘चालू’मध्ये मात्र चिठ्ठ्यांचा नुसता बुजबुजाट. चिठ्ठ्या तेलकट, गोंदात केस अडकलेले. शी!

गुरुवार, ६ जून
आज फळा पुसून काढला आणि नियम लिहिला: ‘चालू’मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. चौथ्याने इतरांना मदत करायची, म्हणजे कामं तुंबत नाहीत. ताई म्हणाली, या फळ्याला नियम सांगू नकोस, तो फार मनावर घेतो. मी हसण्यावारी नेलं.

मंगळवार, ११ जून
ताई येत नाही. तिचं नाव ‘झालं’मध्ये आहे, पण चिठ्ठी कागदाची वाटत नाही. ओलसर, कोमट, नासक्या सायीसारखी. साहेबांना विचारलं तर म्हणाले, कोण ताई? कामाचा वेग बघ की! वेग खरंच वाढलाय. दाढीवाला माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

शुक्रवार, १४ जून
साहेबांनी तीन खोडून दोन केले. आम्ही तिघं. दाढीवाला आणि मी दिवसभर एकमेकांवर डोळा ठेवून. तो जेवायला उठला आणि मी — मीच त्याची चिठ्ठी ‘झालं’मध्ये सरकवली. हाताखाली ती धडधडत होती. नखांत त्याच्या दाढीचे केस आले. तो परत आला नाही. चार वेळा हात धुतले, वास जात नाही. मला माझीच किळस येते.

सोमवार, १७ जून
फळ्यावर आता ‘एक’. साहेब हसत म्हणाले, नियम तुझाच, छान आहे.
पळून पाहिलं. जिन्यावर पाय गोंदासारखे चिकटले. फळ्याकडे वळलो की सुटतात.

दुपारी
साहेबांची चिठ्ठी ओढून पाहिली. हलत नाही. भिंतीत मुरलीय, कडेने हिरड्यांसारखं लाल मांस —
माझी मात्र सुटतेय. एका हाताने दाबून धरलीय, दुसऱ्याने लिहितोय. साहेब मागे उभे आहेत.
चिठ्ठीखालून काहीतरी माझी बोटं चाटत —