बहिरा पतंग

४ मार्च
आलो एकदाचे, मी आणि ताई. घर संशोधन केंद्राच्या कुंपणाला लागून आहे: दोन खोल्या, मोठी खिडकी, खाली रस्ता, समोर दुकानांची रांग. नोकरीबरोबर मिळालं आहे, भाडं नाही. ताईने आल्या आल्या पडद्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. केंद्राचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, स्वतः किल्ली घेऊन आले, आणि त्यांच्या बायकोने, वहिनींनी, जेवण पाठवलं. सामान वर चढवायला अर्धा रस्ता धावला. चाळिशी उलटल्यावर नोकरी मिळते आणि वर माणसंही बरी मिळतात, यावर ताईचा विश्वास बसत नाही. बरोबर कोण राहणार, आणखी कोणी आहे का, हे सरांनी मुलाखतीत पुन्हा पुन्हा विचारलं होतं. काळजीपोटीच असावं.

७ मार्च
काम नाजूक आहे. पतंगाचा कान छातीवर, मागच्या पंखाच्या बुडाशी असतो. इवलासा पडदा. वटवाघूळ चीत्कारत शिकारीला येतं, तो चीत्कार आपल्याला ऐकू येत नाही, पतंगाला येतो. लांबून आला तर पतंग वळून पळतो. जवळून आला तर पंख मिटून सरळ जमिनीवर पडतो. मी भिंगाखाली काही पतंगांचे पडदे सुईने फोडते. मग बहिरे आणि ऐकणारे एकत्र जाळीच्या खोलीत सोडायचे, आणि मागोमाग वटवाघूळ. ऐकणारे पटापट खाली. बहिरा मजेत उडत राहतो आणि पकडला जातो.
ताई म्हणाली, जन्मभर माझे कान टोचलेस, आता त्याचा पगार घे. खूप हसलो. पण ‘मजेत’ हा शब्द बरोबर आहे का? त्या पतंगाला काय वाटतं ते मला कुठे ठाऊक?

१५ मार्च
इथल्या लोकांची एक खोड आहे. आज वहिनी फाटकाशी बोलता बोलता मटकन खाली बसल्या. त्यांची शेजारीणही. मग उठून गप्पा तिथूनच पुढे. ताईने विचारलं तर म्हणाल्या, गुडघ्यात वात येतो हो. दोघींच्याही, एकाच क्षणी? परवा वाणी असाच गल्ल्याखाली गेला. ताई रोज संध्याकाळी फिरून येते आणि त्यांच्या नकला करून दाखवते. मला मात्र राग येतो. नवख्यांची टिंगलच करायची तर तोंडावर करा की!
सरांना विचारलं. त्यांनी विषय बदलला. काही बेटांवर वटवाघळं नसतात, तिथल्या पतंगांचे कान हळूहळू बोथट होतात, असं म्हणाले. मग म्हणाले, तुमच्याकडे नाही ना ते. ते म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं.

२१ मार्च
ताई गेली.
लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालं नाही. अजून उजेड होता. मी खिडकीत, ताई खाली दुकानासमोर. अख्खा रस्ता एकदम जमिनीवर. वाणी, गिऱ्हाइकं, सायकलवाला सायकलसकट. ताई एकटी उभी. तिच्या पायाशी एक म्हातारी आडवी झाली होती. ताईला वाटलं, पडली. उचलायला वाकली. म्हातारीने तिचा हात झिडकारला. ताई सरळ झाली, वर माझ्याकडे बघून हसली, हात हलवला—
मग ती नव्हती. वरून काहीतरी आलं आणि गेलं. आवाज नाही. धूळ तेवढी उडाली.
सगळे उठले. कपडे झटकले. म्हातारीने पिशवीतून सांडलेले कांदे वेचले. कांदे!

२२ मार्च
मी तक्रार सांगत असताना पोलीस मधेच टेबलाखाली गेला. वर येऊन म्हणाला, पेन पडलं होतं. पेन त्याच्या हातात होतं. बहीण रुसून गेली असेल, म्हणाला, येईल. कानफटात मारायला हवी होती. नाही मारली. का नाही?

२३ मार्च
वहिनी डबा घेऊन आल्या. मी डबा भिंतीवर भिरकावला. रडल्या. म्हणाल्या, आम्हाला जन्मापासून ऐकू येतं, तुम्हाला येत नाही, त्यात आमचा काय दोष? वर्षातून एकदा येतं. दोन माणसं लागतात, ती मिळेपर्यंत घिरट्या घालतं. मग शांत. एका वर्षी बाहेरचं कोणी मिळालं नाही, तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ गेला, ऐकू येत असून.
दोन. म्हणून ते मुलाखतीतले प्रश्न.
सरांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, तुम्ही रोज हेच तर करता, बाई.

२५ मार्च
निघून जाता येतं. कोणी अडवत नाही. पण मग दुसरं कोणी येईल, पडद्यांची मापं घेईल. नाही. आणि खरं लिहायचं तर हे कारणही दुसऱ्या नंबरचं. मला राग आलाय.
वाण्याने खालून हाक मारली. बाहेर या की जरा मोकळ्या हवेत, घरात बसून काय करता? गोड आवाज. बाकीचे कुजबुजतात. काही पतंगही मादीशी असंच कुजबुजत बोलतात, शिकाऱ्याला कळू नये म्हणून. हे मला कळू नये म्हणून.

२६ मार्च
केंद्रात एक यंत्र आहे. वटवाघळाच्या चीत्काराच्याच उंच पट्टीतला गोंगाट सोडतं. आपल्याला काहीच कळत नाही. पण ते चालू असलं की ऐकणाऱ्या पतंगालाही वटवाघूळ ऐकू येत नाही. सगळे सारखे.
केंद्राच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. चुकतंय का माझं? दिवसभर विचारतेय. उत्तर एकच येतं. कांदे.

संध्याकाळ
लावलं. रस्ता भरलाय. कोणी खाली बसत नाही. वाणी हसतोय. वहिनी चालल्यात, मान वर—
समोरच्या छपराचा पत्रा दबला. कोणाचंच लक्ष नाही. ती म्हातारी. ये. आता ये मोकळ्या हवेत—
तिचं बोट धरून लहान मुलगी. आजच कशाला आणलीस, बये, आजच—
नको.
यंत्र बंद करायला गच्चीपर्यंत पोचणार नाही. यांना जमलं ते मला का जमत नाही? का? खिडकी उघडते, ओरडते, पडा, खाली प