कारकुनाच्या अक्षरातली पत्रं

शिकागो

ती. आईस नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात ज्वारीचं पीठही मिळालं.

म्युझियममध्ये सध्या दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नगराध्यक्षानं बायकोला लिहिलेली पत्रं स्कॅन करतेय. प्रत्येकात ‘तब्येत उत्तम’. शेवटची मात्र कारकुनाच्या अक्षरात. म्हणे, हात मुरगळलाय. त्यावर बायकोचं उत्तर नाही. तिचं त्याच्याकडे येण्याचं रेल्वेचं तिकीट तेवढं जपलंय.

विळीवर तुझं बोट कापलं, म्हणून दिवाळीपासून शुभावहिनी तुझी पत्रं लिहितेय. अजून भरलं नाही बोट? आणि मी व्हिडिओ कॉल केला की तू नेमकी देवळात कशी असतेस?

वहिनीला सांग, आता पुरे. वेडीवाकडी का होईना, तुझ्या हातची एक ओळ पाठव.

नाहीतर पुढचं पत्र येणार नाही. मीच येईन.

तुझी,
हिमानी